तुमी कितीजणां?

"इला काय?" बाबलने छपरावरून ओरडून विचारलं.

"नाय!" आम्ही घरातून ओरडलो.

"आता?"

"आता इला, पण दोन दोन दिसतत."

"कोण दोन दोन?"

"सगळीच!" सासूबाईंनी ओटीवरून हात नाचवले. "राजाय दोन, राणीय दोन, घोडेय दोन. ऱ्हवांदे मेल्या, खाली उतर. पडशीत, मगे तुझेय दोन तुकडे होतले!"

बाबल माझा धाकटा दीर. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. त्या गणपतीत त्याने कुणाकडून तरी जुना टीव्ही आणला होता, ब्लॅक अँड व्हाइट, चार काटकुळ्या पायांचा, शटर ओढून बंद करायचा. अँटेना उंच बांबूवर बांधलेली, तोंड पणजीकडे. मध्ये डोंगर आडवा असल्यामुळे चित्र सरळ येतच नसे. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाच्या खांद्याला लागून त्याचाच एक फिकट माणूस उभा असायचा. हा हलला की तो हलायचा, हा हसला की क्षणभर मागून तो हसायचा. वाडीतली माणसं म्हणायची, बाबलच्या टीव्हीला भूत लागलंय. चेष्टेनेच म्हणायची, पण पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे चेष्टा करून झाली की एकदा मागे वळून बघायची.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरचा म्हाळ होता, म्हणजे पितरांची पानं वाढायचा दिवस. त्यासाठी माझी नणंद दमूवन्सं आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. त्यांच्याशिवाय आमचा म्हाळ होतच नसे. का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दमयंती आणि दिगंबर ही जुळी भावंडं. दिगंबर म्हणजे दिगू, माझा नवरा. लग्नानंतर जेमतेम एक पावसाळा आमचा संसार झाला. 'अहो' म्हणायची सवय लागायच्या आत तो समुद्रात गेला, म्हणून आजही माझ्या तोंडी तो 'तो'च आहे. होडीवर तिघेजण होते. होडी निवतीच्या खडकांपाशी उलटी सापडली. दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं लागलं नाही.

अशा हरवलेल्या माणसासाठी इतरांच्या घरी बारा वर्षं थांबतात आणि मग दर्भाचा पुतळा करून जाळतात. माझ्या सासूबाईंच्या माहेरची रीत वेगळी होती. जुळ्यातलं एक हरवलं तर दुसऱ्याला विचारायचं. म्हाळाच्या दिवसात, पानं वाढायच्या आधी, विचारायचं, "तुमी कितीजणां?" बस्स, एवढंच, आणि तेही वर्षातून एकदाच. 'एकटी' असं उत्तर आलं तर हरवलेल्याचं पान वाढायचं. 'दोगां' असं आलं तर नाही. "एका पोटात ऱ्हवलेल्याक कळता," सासूबाई म्हणायच्या, "भटाच्या पंचांगाक काय कळतला, कपाळ!"

पहिल्या वर्षी वन्संनी पटकन, अगदी हसतच सांगितलं होतं, "दोगां." घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी माझ्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं आणि आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. खोटं कशाला बोलू, पहिली तीन-चार वर्षं मी त्या एका शब्दावर काढली. पुढे तोच शब्द टोचायला लागला. दरवर्षी म्हाळ यायचा, दरवर्षी "दोगां", आणि दिगू काही यायचा नाही. हळदीकुंकवाला मला बोलवावं तरी बायकांची पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. माझ्याच वयाच्या बायकांची मुलं शाळेत जाऊ लागली आणि मी त्याच शाळेशेजारी बालवाडीत दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसत होते.

त्या वर्षी माझ्या भावाने एक स्थळ आणलं होतं. वेंगुर्ल्याचे विष्णू केळुसकर, बर्फाच्या कारखान्यात मुकादम. बायको वारलेली, पदरात लहान मुलगी. आमच्यात पाट लावतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण पाट लागतो तो विधवेचा. जिचा नवरा मेलेला नाही, तिचा कसा लागणार? केळुसकर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते. पुढे मुलीच्या हालांपायी त्यांनाही दुसरीकडे बघणं भाग होतं. सासूबाई माझ्या भावाला स्पष्ट म्हणाल्या होत्या, "मी तिका अडवूची नाय. पण दमूची जाप येवंदे."

म्हणजे माझा सगळा जन्म आता वन्संच्या एका शब्दाच्या उत्तरावर येऊन ठेपला होता.

टीव्ही लागायच्या आधी, दुपारी, आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. वन्सं खोबरं किसत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, तुमका खराच कळता?"

"काय?"

"तो आसा ता."

त्यांचा हात थांबला. "त्यात कळूचा काय आसा?" त्या नवलाने म्हणाल्या. "आसा म्हणान आसा."

मला रडू आलं. आजवर जे मी कुणापाशी उघड बोलले नव्हते ते तोंडातून गेलं. "माका जावचा आसा, वन्सं. मी आता ऱ्हवूचंय नाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान थोडी वळवून बाजूला पाहिलं, तिथे कुणी नव्हतं, आणि पुन्हा खोबरं किसायला लागल्या. 

संध्याकाळी ते नाटक लागलं. चारशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाने लिहिलेलं हसवणुकीचं नाटक, मराठी कपडे चढवून टीव्हीसाठी केलेलं. बाबलने पेपरात वाचलं होतं की भरपूर हसायला येणार, म्हणून तर तो आधीचा कार्यक्रम चालू असतानाच छपरावर चढला होता. त्याने घाम पुसत शटर आणखी सरकवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि आम्ही सगळे जमिनीवर बसलो. वन्सं शेवटी आल्या. त्यांनी टीव्ही असा कधी पाहिलेलाच नव्हता.

आणि सुरुवातीलाच समुद्र. वादळ. गलबत फुटलं आणि त्यातली जुळी भावंडं दोन दिशांना वाहून गेली.

बाबल तोंड उघडं टाकून बघत राहिला. मग धडपडत बंद करायला उठला.

"ऱ्हवांदे," सासूबाई म्हणाल्या.

"अगो आये, माका म्हायत नाय होता..."

"ऱ्हवांदे म्हटलंय ना!"

बहीण वाचली. भाऊ बुडाला असं समजून ती परक्या मुलखात आली, तिने भावासारखा वेष केला, डोक्याला पागोटं, कमरेला तलवार, आणि एका राजाकडे चाकरीला राहिली. राजाने तिला आपला निरोप घेऊन एका मानी बाईकडे पाठवलं, तर ती बाई राजाला सोडून या निरोप्याच्याच प्रेमात! आम्ही हळूहळू नाटकात रमलो. सासूबाई तर पदर तोंडावर घेऊन हसायला लागल्या. "गे बाये माझे! ह्या चेडू, आणि ती मेली ह्याच्याच मागे! डोळे फुटले काय तिचे?"

मीही हसले. काय करणार, हसू येत होतं.

वन्सं मात्र हसत नव्हत्या. त्या बोलणाऱ्या माणसाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर प्रत्येकाच्या खांद्यापाशी, त्या फिकट माणसावर होती.

"वयनी," त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "ह्यां सगळ्यांकच जोडी आसा?"

"ती सावली, वन्सं. डोंगर आडवो येता म्हणान पडता."

"सगळ्यांकच आसा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. एखादं दुखणं फक्त आपल्यालाच आहे असं समजून माणूस वर्षानुवर्षं गप्प राहतं आणि एक दिवस कळतं की गावात सगळ्यांनाच ते आहे, तेव्हा होईल तसा. मग त्यांनी मान फिरवली आणि खोलीतल्या आम्हा एकेकाकडे बघायला लागल्या. बाबलकडे, सासूबाईंकडे, माझ्याकडे. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली. मी टीव्हीकडे तोंड केलं.

शेवट जवळ आला होता. राजाचा दरबार भरला होता. आणि दारातून तो आला. बुडालेला भाऊ. तेच पागोटं, तीच तलवार, तोच चेहरा, बाजूला त्याचा फिकट जोडीदार.

सासूबाईंच्या हातातलं विड्याचं पान हातातच राहिलं.

"तो बुडान मेलेलो ना?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मरूक नाय, आये," बाबल म्हणाला. "नाटकात वाचता तो."

"वाचता?"

"वाचता."

सासूबाईंनी हात जोडले, टीव्हीला. आणि माझा सगळा धीर सुटला. जुळ्या बहिणीसमोर आदल्या संध्याकाळी बुडालेला भाऊ असा जिवंत दारातून येतो म्हटल्यावर उद्या ती दुसरं काय सांगणार? आणखी एक वर्ष. मग आणखी एक. मग माझे केस पिकतील, केळुसकरांच्या मुलीला दुसरी आई मिळेल, आणि मी इथेच बोटभर कुंकू लावून बसलेली असेन. तो परत येऊ नये असं मला वाटत होतं का? नाही. तो जिवंत असावा असंच वाटत होतं. पण मीही जिवंत होते ना. माझं तोंड तेव्हा कसं दिसत असेल ते मला ठाऊक नाही. खोलीतल्या कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, असं मला वाटलं.

पडद्यावर राजा गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. त्याने पाऊल पुढे टाकलं. त्याच्या फिकट जोडीदारानेही टाकलं. मुलीकडे वळून त्याने विचारलं, "खरं सांग, तुम्ही किती जणं?"

आणि वीज गेली.

चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका झालं. एरवी तो लगेच विझायचा. त्या दिवशी तो तसाच राहिला. बंद खिडक्यांच्या अंधारात आम्ही सगळे त्या ठिपक्याकडे बघत होतो, आणि कुणी काही बोलायच्या आत माझ्या बाजूने आवाज आला.

"एकटी."

ठिपका विझला.

"कोण बोलला?" सासूबाईंनी विचारलं, खरं तर त्यांना कळलं होतं. "दमू? काय म्हणालंस?"

"एकटी," वन्सं पुन्हा म्हणाल्या. आवाज साफ होता.

सासूबाईंनी फोडलेला हंबरडा शेजारच्या घरांतही ऐकू गेला. बाबलने धडाधड खिडक्या उघडल्या. बाहेर अजून उजेड होता, पोरं अंगणात खेळत होती. "अगो आये," तो रडवेला होऊन सांगत होता, "ता टीव्हीतल्या राजान इचारल्यान! नाटकातला होता ता! म्हाळ उद्या आसा, उद्या तू इचार!"

"नाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हाळाचे दिवस आसत, इचारणा झाला, जाप इली. इचारणारो कोण, ता बघूचा नसता. एकदाच इचारतत."

मी रडले. कुणासाठी रडले ते तेव्हाही सांगता आलं नसतं. वन्सं उठून परसात गेल्या, आणि मला तिथून त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं. कुणाची तरी समजूत घालावी तसं. वाटलं, बिचारी स्वतःचीच घालत असेल.

दुसऱ्या दिवशी दिगूचं पान वाढलं. आमच्याकडे कावळा कधी वेळेवर यायचा नाही, 'का का' करून बाबलचा घसा बसायचा. त्या दिवशी पानं बाहेर ठेवून हात मागे घेतो न घेतो तोच तो आला, बाकीच्या पानांकडे ढुंकूनही न बघता सरळ दिगूच्या पानावर गेला आणि वड्याचा तुकडा उचलला.

"बघलंस?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "कितक्या वर्सांचो उपाशी होतो माझो झील."

दिवाळीनंतर माझा पाट लागला. निघताना सासूबाईंनी लेकीसारखी ओटी भरली. केळुसकर भला माणूस निघाला. कमी बोलणारा, संध्याकाळी घरी आला की आधी मुलीला आणि मग मला हाक मारणारा. पुढे मला दोन मुलगे झाले. पाण्याजवळ त्यांना मी फारसं जाऊ दिलं नाही. सुखी होते, हे सरळ सांगायला माझी काही हरकत नाही.

खूप वर्षांनी निरोप आला की दमूवन्सं अंथरुणाला खिळल्यात आणि मला बघायचं म्हणतात. तोवर सासूबाई गेल्या होत्या. मी गेले. भरदुपार होती, घरात त्यांची सून कामात होती. वन्सं आतल्या खोलीत खाटेवर होत्या, वाळून अगदी एवढ्याशा झालेल्या. पण डोळे तेच.

"बरी आसस मा?" त्यांनी विचारलं.

"बरी आसंय."

"घो बरो?"

"बरो आसा ओ."

"मगे झाला तर." त्यांनी डोळे मिटले. "नायतर माझा खोटां बोलणा फुकट गेला आसता."

"कसला खोटां?"

"त्या टीव्हीच्या दिसाचा. एकटी म्हणान सांगलंय ता."

संध्याकाळी बर्फाच्या कारखान्यातून घरी येणारे केळुसकर डोळ्यांसमोर आले. मुलगे आले. "वन्सं," मी कशीबशी म्हणाले, "म्हणजे तो... तो जित्तो आसा?"

"खुळी काय तू?" त्या क्षीण हसल्या. "तो थयच गेलो, निवतीच्या खडकार. त्याच दिसा. सांजेक माझ्या दारात इलो, भिजान चिंब. तेवापासून आसा माझ्यावांगडा."

बाहेर सून भांडी घासत होती, तो आवाज मला फार लांबून आल्यासारखा वाटला.

"मगे दरवर्सा दोगां कित्या सांगलात?"

"मगे काय सांगूचा? आये इचारी, तुमी कितीजणां. मी बाजूक बघी नि सांगी, दोगां. मेलो काय जित्तो, ता तुमच्यातल्या एकान तरी इचारल्यान?"

मला राग आला. इतक्या वर्षांचा साचलेला राग. कपाळावरचं ते बोटभर कुंकू, बालवाडीतली ती वर्षं, दर म्हाळाला दाराशी लागलेले आमचे डोळे. सगळं घर एका मेलेल्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं, आणि ही बाई दरवर्षी खरं तेच सांगत होती. "आपणहून सांगूक काय झाला होता?" मी जवळजवळ ओरडलेच.

"माका वाटला, तुमका म्हायत आसा," त्या म्हणाल्या, आणि त्यात जराही लबाडी नव्हती. "तुमी पान वाढलात नाय, तेवा म्हटलंय बरोबरच आसा. जो घरात बसलेलो आसा, तेका बाहेर कित्या पान? माका वाटी, सगळ्यांचाच कोण ना कोण बाजूक आसता, बोलत नाय कोणी. त्या दिसा टीव्हीत तर सगळ्यांचाच दिसला. मगे मी तुमच्याकडे बघलंय. आयेच्या बाजूक माझो बापूस होतो. बाबलाच्या मागे तेच्या वळखीचो ट्रॉलरवरचो एक खलाशी. आणि तू..." त्यांना धाप लागली. मी पाणी पाजलं. "तुझ्या बाजूक कोणच नाय होता, वयनी. तुझो घो माझ्याकडे बसलेलो, आणि तू थय, तोंड एवढासा करून. त्या राजान इचारल्यान कितीजणां, तेवा मी तुझी जाप दिलंय. एकटी होतंस ती तू."

माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. मी रडत होते. परसातलं ते हळू आवाजातलं बोलणं कुणाशी होतं, कुणाची समजूत घालून त्यांनी मला सोडवलं होतं, ते आता समजत होतं. डोळे पुसत मी उठले आणि त्यांना जवळ घ्यावं म्हणून खाटेच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत बसायला वाकले.

"थय नको, वयनी," त्या घाईघाईने म्हणाल्या.

मी वाकलेली तशीच थांबले. मग हळूच मागे सरले, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले, आणि डोक्यावरून पदर घेतला.